पुलीवरची खूण

“वाढव जरा… अजून थोडी… हां. धर. तिथंच धर, वॅल.”

डेन्झिल बॉनेटखाली वाकला होता. गाडीच्या आतून मला त्याची फक्त टोपी दिसत होती आणि टायमिंग लाइटची निळसर उघडझाप. त्याची बायको, म्हणजे माझी बहीण व्हाल्डा, आमची वॅल, ड्रायव्हरच्या सीटवर होती. तिच्या छातीभोवती आम्ही रुंद पट्टा बांधला होता, मानेच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या होत्या. तरी डोकं पुढं झुकायचं, म्हणून मी शेजारी बसून तिचं कपाळ तळव्यानं धरून होते. तिचे हात मांडीवर होते, आम्ही ठेवले तसेच. पण उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता, आणि त्या पायाचं काम चालू होतं.

“सोड,” तो म्हणाला. इंजिनाचा आवाज खाली आला.

“काय झालं रे?” मी विचारलं.

“खूण नाचतेय. मगाशी काट्यावर होती, आता पळाली.” तो खिडकीपाशी आला. त्याच्या नाकावर ग्रीसचा डाग होता. “वॅल, दमलीस का?”

वॅलनं टाच खालच्या पत्र्यावर दोनदा आपटली. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

“मग परत एकदा.”

गाडीतलं मला कळत नाही, पण हे एवढं कळतं, कारण त्या दोघांच्या जेवणाच्या टेबलावर जन्मभर हेच ऐकलं. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर एक बारीक खूण असते आणि तिच्या शेजारी एक काटा. पुली इतकी गरगरते, की नुसत्या डोळ्यांना खूण दिसणं शक्य नाही. पण प्लगमध्ये ठिणगी पडते नेमक्या त्याच क्षणी तो लाइट लुकलुकतो, म्हणून खूण जागच्या जागी थिजल्यासारखी दिसते. ती योग्य ठिकाणी दिसली की ठिणगी वेळेवर पडतेय. नसली, तर प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर केसभर इकडं किंवा तिकडं फिरवायचा. रेस वाढवली की खूण ठरावीक अंतर पुढं सरकते आणि तिथं थांबते. थांबली पाहिजे. त्या शनिवारी ती थांबत नव्हती.

वॅल माझ्यापेक्षा मोठी. आमच्या वालारू बंदराच्या धक्क्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर डेन्झिलचं गॅरेज होतं आणि काउंटरवर वॅल बसायची. धान्याचे ट्रकवाले गाडी दुरुस्त झाल्यावरही तासभर तिच्याशी बोलत थांबायचे. तिला गप्प बसवायचं तर तोंडात मटण भरलेली अख्खी पेस्टी कोंबावी लागेल, असं आमचे वडील म्हणत. त्यांचं मासळीचं दुकान होतं. त्यांची व्हॅन एका सकाळी चालू होईना, तेव्हा लांबलचक हातापायांचा एक पोरगा दुरुस्तीला आला. त्यानं कुणाकडं न बघता व्हॅनचं झाकण उघडलं, बराच वेळ आत खुडबुड केली, आणि मग दारात उभ्या असलेल्या वॅलला म्हणाला, “जरा आत बसून रेस धरतेस का?” तिच्याशी तो बोललेलं पहिलं वाक्य ते.

पुढं ते रोजचंच झालं. गॅरेजमध्ये कुणाच्याही गाडीचं टायमिंग करायचं असलं, की डेन्झिल ऑफिसच्या दारातून डोकं आत घालायचा. “वॅल, पाय पाहिजे.” ती फोनवरचं बोलणं अर्ध्यात सोडून उठायची. तिचा पाय खरंच तसा होता. रेसचा काटा ती एका जागी असा ठेवायची, की रंगवून ठेवलाय असं वाटावं. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, “काय रे डेन्झ, घरात अख्खी बायको आहे आणि तुला नुसता पाय पाहिजे?” त्यावर वॅलच उत्तर द्यायची, “बाकीची त्याला झेपत नाही.”

त्यांना मूल झालं नाही. त्याबद्दल त्या दोघांत काय बोलणं झालं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. माझा नवरा मला सोडून पर्थला गेला, तेव्हापासून रविवारचं जेवण मी त्यांच्याकडंच करत आले.

आजार आला तो आधी जिभेवर आला. बोलताना शब्द ओले, जड व्हायला लागले. दारू चढलीय असं लोकांना वाटायचं, आणि वॅल तर दारू वर्ज्य मानणाऱ्या मेथडिस्ट बापाची पोर, ख्रिसमसला शेरीचा एक घोट घेणारी. ॲडलेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोटर न्यूरॉनचा आजार. परतताना पोर्ट वेकफील्ड गाव मागं पडल्यावर वॅल मागच्या सीटवरून त्या जड जिभेनं म्हणाली, “नावातच मोटर आहे. मग डेनला… दुरुस्त करता यायला हवी.” डेन्झिल हसला नाही. मी हसले, आणि मग खिडकीकडं तोंड केलं.

जीभ गेली, मग हात, मग मान. गिळणं गेल्यावर पोटात नळी बसवली. राहिला उजवा पाय. डावाही होता, पण नावालाच. उजव्या पायानं ती हो-नाही सांगायची. अक्षरांचा तक्ता समोर धरून मी एकेका ओळीवर बोट ठेवायचे, हवी ती ओळ आली की ती ठोकायची, मग त्या ओळीतली अक्षरं. एका वाक्याला चहा गार व्हायचा. पण अशा वाक्यांतही ती चेष्टा करायची. एकदा बराच वेळ घालवून तिनं मला सांगितलं, “नोला, तुझा स्वेटर उलटा आहे.”

शनिवारी मात्र तो पाय घरामागच्या शेडमध्ये कामाला जायचा. गॅरेज विकून टाकलं होतं, पण त्यांची होल्डन गाडी होती. लग्नानंतर घेतलेली, फिकट हिरवी स्टेशन वॅगन. मे महिन्यात गावच्या कॉर्निश पूर्वजांच्या नावानं भरणाऱ्या मेळ्यात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, त्यात दरवेळी ती असायची. यंदाही न्यायची, वॅलला शेजारी बसवून न्यायची, असं डेन्झिलनं ठरवलं होतं. मार्चमध्ये आमच्याकडच्या उन्हाळ्याचा जोर ओसरल्यावर त्यानं डिस्ट्रिब्युटरमध्ये ठिणगी पाडणारे नवे पॉइंट टाकले आणि टायमिंग करायला घेतलं. तेव्हापासून ही खूण नाचायला लागली होती.

त्यानं डिस्ट्रिब्युटर काढला, उघडला, धुतला. आत दोन छोटी वजनं असतात. रेस वाढली की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. त्यांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्यात, असं त्याचं म्हणणं पडलं. “स्प्रिंग ढिली म्हणून वजनं आतबाहेर करतात, म्हणून रेस वरखाली होते,” त्यानं मला समजावलं. नव्या स्प्रिंगा टाकल्या. पुढच्या शनिवारी वॅलला उचलून सीटवर बसवलं, पट्टा बांधला. खूण नाचलीच. मग दांडा आत खेळतोय म्हणून त्याचा बुश बदलला. तरी तेच.

“आता हे काय झालं!” बॉनेटखालून त्याचा आवाज आला. रेस वर जात होती, ढासळत होती, पुन्हा वर जात होती. “धर… अगं धर ना… नीट धर की गं, वॅल!”

तो असं कधी बोलला नव्हता. मी तिच्या कपाळावरचा हात हलवला नाही, पण तळव्याखाली तिच्या भुवया आक्रसल्या ते मला जाणवलं. रेस एकदम खाली आली. डेन्झिल लगबगीनं खिडकीशी आला.

“तुला नाही म्हटलं. ह्या डबड्याला म्हटलं.”

वॅलनं एकदा ठोकलं. हो.

“खरंच गं.”

तिनं पुन्हा एकदा ठोकलं. हलकंसं. मला जेमतेम ऐकू आलं.

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट होत होती, आणि माझ्या लक्षात येऊनही मी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. डेन्झिल खोलीत नसला, की वॅल माझ्याशी पायानं बोलायची नाही. हो म्हणायचं असलं की डोळे वर करायची. मला वाटलं, दमते बिचारी. डेन्झिल आत आला की पुन्हा टाच वाजायची.

आठवड्याच्या मधल्या एका सकाळी तो मला म्हणाला, “कडिनाला येतेस? क्लॅरीकडं जायचंय.” होल्डनचा डिस्ट्रिब्युटर त्याच्या हातात, तेव्हा ती शेडमधून हलणार कशी? वॅलजवळ नर्स ब्रॉनविन होती. मी माझी गाडी काढली. मलाही पेस्टीसाठी मटण आणि सलगम घ्यायचे होते. सगळी वाट त्यानं ते यंत्र फडक्यात गुंडाळून मांडीवर धरलं होतं.

क्लॅरी हॉकिंग डेन्झिलपेक्षा वयानं मोठा, तोंडानं फटकळ. त्याच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक जुनं यंत्र आहे. डिस्ट्रिब्युटर त्याच्यावर चढवायचा, मोटरनं फिरवायचा, आणि गोल तबकडीवर सहा ठिणग्यांच्या सहा रेघा चमकतात. दांडा किंवा स्प्रिंग बिघडलेली असली, की त्या रेघा थरथरतात.

क्लॅरीनं वेग वाढवला. सहाही रेघा एकदम पुढं सरकल्या आणि थांबल्या. कमी केला. सहाही मागं आल्या. त्यानं पुन्हा वाढवला, मधेच धरून ठेवला. रेघा हलल्या नाहीत.

“घड्याळ आहे रे हे, घड्याळ,” क्लॅरी म्हणाला. “ह्याला आजारी कुणी ठरवलं? नवी स्प्रिंग, नवा बुश… ह्याला तर लग्नाला उभं करता येईल.”

“गाडीवर बसवलं की नाचतो.”

“मग रेस हलत असणार. आत कोण बसतं?”

“वॅल.”

क्लॅरीनं यंत्र बंद केलं. मोटर गुणगुणत गुणगुणत थांबेपर्यंत तो तबकडीकडंच बघत होता. मग फडक्याला हात पुसत हळू आवाजात म्हणाला, “अंगठ्यानं धर, गड्या. कार्बोरेटरपाशी, दांडीवर अंगठा ठेवून. एका हातानं रेस, एका हातात लाइट. वेळ लागतो जरा, पण होतं.”

“ठाऊक आहे.”

“असणारच. माझ्या पोराला तूच शिकवलंस ते.”

मी डेन्झिलकडं बघितलं. त्यानं डिस्ट्रिब्युटर उतरवून घेतला, फडक्यात गुंडाळला. इतकी वर्षं मला वाटत होतं, की त्या कामाला दोन माणसं लागतातच.

परतताना गाव मागं पडल्यावर तो म्हणाला, “बाजूला घे जरा.” मी गाडी थांबवली. दोन्हीकडं कापलेल्या बार्लीचे खुंट होते, आणि तारेच्या कुंपणापाशी काही मेंढ्या.

“डिस्ट्रिब्युटर ठीक आहे,” तो म्हणाला.

“ऐकलं की मी. बरंच झालं.”

“ठीक आहे गं तो. म्हणजे तिचा पाय गेला.”

मी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

“कानाला कळत होतं मला. पहिल्याच शनिवारी. रेस कशी पडते, का पडते, हे मला कळणार नाही? पण म्हटलं, स्प्रिंग असेल. म्हटलं, बुश असेल.” त्यानं फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. “आणि ओरडलो तिच्यावर.”

“विसरली असेल ती.”

“वॅल? लग्नाआधीची भांडणं मी कुठला शर्ट घातला होता त्यासकट सांगायची ती.”

आम्ही दोघंही थोडं हसलो. पायानंतर काय, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं. छातीचे स्नायू. श्वास.

“तिला कळू द्यायचं नाही,” तो म्हणाला.

“डेन्झ, तिचाच पाय आहे रे तो.”

“तिला वाटतंय अजून जमतंय. धडपडत ठोकते, बघितलंस ना? वाटू दे तिला. तू काही बोलायचं नाहीस.”

“नाही बोलणार.”

“शपथ घे.”

“काय लहान मुलासारखं… बरं, शपथ.”

शनिवारी त्यानं दाढी केली होती. एवढं मला आठवतं, कारण एरवी तो रविवारी चर्चला जाताना करायचा. “वॅल, पाय पाहिजे!” तो खोलीच्या दारातून ओरडला, गॅरेजमध्ये ओरडायचा तसा. “क्लॅरीनं डिस्ट्रिब्युटर सरळ केलाय. सगळी खोड त्याच्यातच होती. आता बघ कसं बसतं ते.”

आम्ही तिला गाडीत बसवलं. मी खाली वाकून तिचा पाय पेडलवर ठेवला, निळ्या लोकरी सपातेसकट. टाच नीट टेकवली. डेन्झिलनं खिडकीतून हात घालून चावी फिरवली आणि तो पुढं गेला.

“वाढव जरा!”

मी तिच्या पायाकडं बघत होते. सपात हलली नाही. पण तिच्याखाली पेडल आपोआप खाली गेलं, जसं कुणी दुसऱ्या टोकाला दोरी ओढावी तसं, आणि इंजिनाचा आवाज चढला. पाय पेडलबरोबर खाली गेला, नुसत्या वजनानं.

“हां! धर! तिथंच धर!”

आवाज एका सुरात चालू राहिला. जरासुद्धा थरथर नाही. बॉनेटच्या फटीतून मला डेन्झिलचं कोपर दिसत होतं, कार्बोरेटरच्या बाजूला वळलेलं.

“अशी! वॅल, दगडावरची रेघ आहे नुसती! सोड आता.” पेडल वर आलं. त्यानं पाना घेऊन डिस्ट्रिब्युटर ढिला केला, फिरवला, आवळला. “परत वाढव. हां. अरे वा! कुठं होता हा पाय इतके दिवस?”

तो हसत होता. खरं हसत होता, की हसू काढत होता, हे बॉनेटमुळं मला दिसलं नाही. मी वॅलकडं बघितलं. ती काचेतून समोर बघत होती, त्याच्या टोपीकडं. तिच्या गळ्यातून तो घोगरा आवाज आला, जो आजारात तिचं हसणं म्हणून उरला होता.

संध्याकाळी डेन्झिल शेड आवरत होता. मी तिचं तोंड पुसलं, उशी सारखी केली. तिनं तक्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी तक्ता धरला. पायाचा आवाज होईना, म्हणून मी तिच्या डोळ्यांकडं बघत ओळींवर बोट फिरवलं. डोळे वर गेले की थांबायचं. एकेक अक्षर करत शब्द झाला.

अंगठा.

माझ्या हातातला तक्ता खाली आला. “कळलं तुला?”

डोळे वर.

“आज कळलं? पेडल खाली गेलं म्हणून?”

डोळे हलले नाहीत. म्हणजे नाही, तेवढंच नाही.

“मग? अंगठ्यानं करता येतं हे आधीपासून ठाऊक होतं तुला? गॅरेजमध्ये असल्यापासून?”

डोळे वर गेले, आणि तिथंच राहिले. मग तिनं पुन्हा तक्त्याकडं बघितलं. यावेळी फार वेळ लागला. मधे तिचा श्वास लागला म्हणून थांबावंही लागलं.

त्याला सांगू नको.

“अगं, पण का? तू ठोकायचं सोडून दे, आराम कर, त्याला कळू दे. दोघंही उगाच…”

तिनं डोळे मिटले. माझं बोलणं ऐकायचं नसलं, की लहानपणी अशीच करायची. उघडले तेव्हा मी तक्ता पुन्हा धरला.

खूश होता आज.

शेडचं दार लावल्याचा आवाज आला. डेन्झिल आत आला, हातांना साबणाचा वास. “काय कुजबूज चाललीय दोघींची?” त्यानं विचारलं.

“तुझी निंदा,” मी म्हणाले. “दुसरं काय?”

“खरं का गं, वॅल?”

ब्लँकेटखाली काहीतरी हललं असावं. आवाज झाला नाही. पण डेन्झिल म्हणाला, “हो म्हणतेय बघ,” आणि तिच्या कपाळाचं चुंबन घेऊन चहा ठेवायला गेला.

त्यानंतर मिरवणुकीपर्यंत दर शनिवारी तो तिला शेडमध्ये न्यायचा. टायमिंग केव्हाच जुळलेलं होतं. एकदा जुळलं की रोज बघावं लागत नाही, हे मलासुद्धा कळत होतं. मी शेजारी बसून तिचं कपाळ धरायचे. तो ओरडायचा, पेडल खाली जायचं, वर यायचं.

मिरवणुकीच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं आणि समुद्रावरचा वारा बोचरा. वॅल पुढं डेन्झिलच्या शेजारी, निळा कोट आणि डोक्याला रेशमी रुमाल. मी मागं, हात पुढं करून तिचं डोकं सावरत. गाड्या पायी चालणाऱ्यांच्या वेगानं सरकत होत्या. फुटपाथवरून लोक ओरडत होते. “वॅल, ड्रायव्हर जागा आहे ना गं?” “डेन्झ, बायको सुंदर, गाडी ठीक, तुझं काही खरं नाही!” डेन्झिल एका हातानं चालवत होता आणि दुसरा खिडकीबाहेर काढून दोघांच्या वतीनं हलवत होता. तिच्या खिडकीशी लोक येत होते. गॅरेजच्या काउंटरवर ज्यांनी तिच्याशी तासन् तास गप्पा मारल्या, ते ट्रकवाले, आता म्हातारे झालेले, गाडीबरोबर चालता चालता आत हात घालून तिच्या हाताला स्पर्श करत होते आणि काही न सुचून मागं राहत होते. इंजिन इतकं शांत चालत होतं, की थांबल्यावर ते चालू आहे हे डेन्झिल डॅशबोर्डवरच्या विझलेल्या लाल दिव्याकडं बोट दाखवून मला सांगायचा.

जुलैमध्ये, ऐन थंडीत, ती गेली. दुपारी, घरीच. ब्रॉनविननं सकाळी सांगितलं होतं, की आजच असेल. डेन्झिल एका बाजूला, मी दुसऱ्या. दोन श्वासांतलं अंतर लांबत गेलं, आणि मग पुढचा आला नाही. डेन्झिल तो यायची वाट बघत राहिला. माझ्या आधी त्याला कळलं असणार, तरी तो वाट बघत राहिला. मीच शेवटी उठून पडदा ओढला.

अंत्यविधीला चर्चमध्ये जागा पुरली नाही. नंतर हॉलमध्ये बायकांनी सँडविच आणि पेस्ट्या मांडल्या. कुणीतरी डेन्झिलला बशी आणून दिली. तो ती हातात धरून सगळ्यांशी बोलत होता, आणि लोक गेल्यावर ती तशीच भरलेली टेबलावर ठेवली.

मग रविवारी तो माझ्याकडं जेवायला यायला लागला. उलटंच झालं सगळं. घरी तो काय खायचा कोण जाणे. माझ्याकडं सगळं संपवायचा, बशी स्वतः धुवायचा, हवामानाबद्दल बोलायचा. वॅलबद्दल नाही. होल्डनवर त्यानं आच्छादन घातलं होतं. मीही विचारलं नाही.

थंडी सरून वसंत सुरू झाला होता. त्या रविवारी मी खेकडे उकडले होते. तो एकेक नांगी फोडून माझ्या बशीत मांस टाकत होता, कारण मला ते काम नीट जमत नाही. मान वर न करता त्यानं विचारलं, “नोला, तिला कळलं होतं का?”

“काय?”

“शेडमधलं. अंगठ्यानं धरत होतो ते.”

खिडकीबाहेर लांब धक्क्याला एक जहाज लागलं होतं आणि त्यात धान्य भरणं चालू होतं. त्याची घरघर एवढ्या लांबून ऐकू येत होती. माझ्या मनात तक्त्यावरची ती अक्षरं उभी राहिली. सांगितलं तर काय होईल, न सांगितलं तर काय होईल, याचा मी किती वेळा विचार केला होता. पण प्रश्न आल्यावर विचार करायला वेळ मिळाला नाही.

“नाही,” मी म्हणाले. “तिला काही कळलं नव्हतं.”

त्यानं हातातली नांगी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षं ज्यानं इंजिनाचा आवाज ऐकून आतलं ओळखलं, तो माणूस. मी माझी नजर हलू दिली नाही.

“बरं,” तो म्हणाला.

त्यानं हात पुसले. मग खिडकीकडं बघून उठला. “वारा फिरलाय. धान्याची धूळ इकडंच येणार. तुझे कपडे बाहेर आहेत.”

तो मागच्या दारानं अंगणात गेला. मी बश्या तशाच ठेवून दारात उभी राहिले. दोरीवर माझ्या चादरी होत्या, वाऱ्यानं फुगलेल्या. तो एकेक चिमटा काढून शर्टाच्या खिशात टाकत होता. मोठी चादर त्यानं उतरवली, एक काठ हनुवटीखाली दाबला आणि हात पसरून घडी घालायला लागला. वाऱ्यानं खालचं टोक उडवलं. त्यानं ते पकडलं, पुन्हा हनुवटी लावली. पुन्हा उडालं.

मी पायऱ्या उतरून गेले आणि दुसरं टोक धरलं. आम्ही चादर ताणली, मधोमध दुमडली, एकमेकांकडं चालत गेलो. त्यानं माझ्या हातातली टोकं घेतली, घडी छातीशी धरून हातानं सपाट केली, टोपलीत ठेवली.

“अजून एक आहे,” तो म्हणाला, आणि दोरीकडं वळला.